तक्रार आधी लिहून घ्या

मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणजे सगळं बरं चाललंय, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. ती सवय धोक्याची आहे. हाड मोडलेल्या माणसाचं प्लास्टर वाकडं बसलं तर तो भांडतो आणि शेजारीपाजारी त्याची बाजू घेतात. मनाचा आजार असलेला माणूस सांगतो की वॉर्डात माझ्यावर ओरडतात, घरी फोन करू देत नाहीत, नव्या गोळीनं जीभ जड होते आणि कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा वॉर्डाची चौकशी कुणी करत नाही. चौकशी होते ती त्याचीच: "औषधं वेळेवर घेतो ना हा?"

माझं म्हणणं थोडक्यात असं. तक्रार खरी आहे की भासातून आलेली, हे ठरवायचं काम नंतरचं. ती ऐकणं, लिहून घेणं, तारीख घालणं आणि पोच देणं हे आधीचं काम, आणि ते करताना तक्रारदाराला कोणता आजार आहे हे बघायचंच नाही. ज्याला भास होतात त्यालाही थप्पड बसू शकते. ज्याला उगाच संशय येतो त्याचंही पाकीट चोरीला जाऊ शकतं. आजाराचं नाव पाहून तक्रार बाजूला ठेवली, तर रुग्णाशी कसंही वागायची मोकळीकच आपण देऊन ठेवतो.

कायदा तर आधीपासूनच रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९८७ च्या कायद्याचा बराचसा भर माणसाला दाखल कसं करायचं आणि त्याच्या मालमत्तेचं काय करायचं यावर होता. नव्या कायद्यानं रुग्णाला हक्क दिले आणि सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रार करायच्या हक्काला कलम २८ हे स्वतंत्र कलम दिलं. तक्रार रुग्ण स्वतः करू शकतो किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्यानं आधी नेमून ठेवलेला विश्वासाचा माणूस. पहिल्यांदा ती जाते संस्थेच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा तिथल्या प्रमुख मानसिक आरोग्य व्यावसायिकाकडे. उत्तरानं समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि तिथंही नाही झालं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. यात कोर्टाची वाट कुठंच बंद होत नाही. मंडळाच्या निर्णयावर ३० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, आणि आपल्याला गोव्यात त्यासाठी पर्वरीपर्यंतच जायचं असतं.

मंडळाची रचनाही विचार करून केलेली आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा न्यायिक अधिकारी, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचार तज्ज्ञ, एक डॉक्टर. उरलेले दोन सदस्य असे की जे स्वतः मानसिक आजारातून गेले आहेत, किंवा अशा माणसाची काळजी घेतात, किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांमधले आहेत. अर्जाला फी नाही. साधारणपणे ९० दिवसांत निकाल लागावा अशी अपेक्षा आहे. मनाविरुद्ध दाखल केल्याच्या काही अर्जांवर तर सात दिवसांत निर्णय द्यायचा आहे.

एवढं सगळं कागदावर असताना अडतं कुठं? पहिल्याच पायरीवर. ज्याच्या वॉर्डात प्रकार घडला, त्याच्याच टेबलावर तक्रार ठेवायची. आणि तोच माणूस पुढच्या महिन्याची औषधं लिहून देणार असतो.

माझ्या ओळखीच्या एका काकींचा मुलगा कित्येक वर्षं औषधांवर आहे, आणि आता कामावरही जातो. एका खासगी दवाखान्यात फाइल काढताना काउंटरवरच्या माणसानं मुलाचं नाव आणि आजाराचं नाव, दोन्ही मोठ्यानं वाचलं. बाकावर त्यांच्याच वाड्यावरचं एक जोडपं बसलं होतं. गोवा केवढा आहे ते आपण जाणतो. संध्याकाळपर्यंत बातमी देवळाच्या पायऱ्यांवर पोचली. रुग्णाच्या आजाराची गुप्तता राखणं हा त्याच कायद्याच्या कलम २३ खालचा हक्क आहे, हे काकींना कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांनी वहीच्या पानावर अर्ज लिहिला. मी तो वाचला. "आपल्या दवाखान्यात पेशंटला नीट वागणूक मिळत नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती." कोणता दिवस, कोणतं काउंटर, काय वाचलं, कोण ऐकत होतं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. आपल्याला अर्ज लिहायला शिकवलं जातं ते असंच. विनंती पुष्कळ, माहिती काहीच नाही. मी विचारल्यावर मात्र काकींनी सगळा प्रसंग वेळेसकट सांगितला. आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. तो त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तो तिथंच राहिला. का दिला नाही विचारलं, तर म्हणाल्या, "फाल्यां परत थंयच वचपाचें न्हय?" उद्या परत तिथंच जायचं ना?

यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण काकींचा हिशेब चुकीचा नव्हता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची तक्रार केली तर बहुधा त्याचं तोंड पुन्हा पाहावं लागत नाही. मानसोपचारात एकाच डॉक्टरशी वर्षानुवर्षं बांधलेलं राहावं लागतं. कोणती गोळी लागू पडते, कोणतीनं हात थरथरतात, हे सगळं त्या एका जाड फाइलीत असतं. सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या टोकावरून बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयापर्यंत येणाऱ्या कुटुंबाचा दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. अशा घराला "दुसरा डॉक्टर बघा" हा सल्ला देणं सोपं आहे. तो अमलात आणायला दुसरा डॉक्टर जवळपास असावा लागतो. आणि दाखल असलेल्या रुग्णाला भीती त्याहून मोठी. तक्रार केली तर डिस्चार्ज लांबेल, डोस वाढेल, "चिडचिड वाढली आहे" अशी नोंद होईल. ही भीती खरी ठरते की नाही, हा मुद्दा दुसरा. ती असते, आणि तिच्यापुढे कलम २८ गप्प बसतं.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था दयनीय आणि अमानवीय असल्याचं म्हटलं. बरे झालेले रुग्णही आतच राहिल्याची नोंद आयोगानं केली. आयोगाचं पथक त्याआधी ग्वाल्हेर, आग्रा आणि रांचीच्या रुग्णालयांत स्वतः जाऊन आलं होतं. म्हणजे हे बोललं गेलं ते बाहेरून कुणीतरी आत जाऊन पाहिल्यावर. आत राहणाऱ्यांना हे सगळं रोज दिसत असणार. त्यांचं म्हणणं वेळच्या वेळी लिहून घेतलं जात असतं आणि कुठंतरी पोचत असतं, तर पथकाची वाट पाहायची पाळी आली नसती.

गोव्यात तक्रारीची एक वेगळीच वाट रूढ आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपण पंचाला सांगतो. पंच आमदाराच्या माणसाला सांगतो. आमदाराच्या ऑफिसातून फोन जातो. खाट मिळते, तपासणी लवकर होते, कधी कधी एखाद्याला दमही बसतो. ज्याची ओळख आहे त्याचं काम होतं, म्हणून या वाटेला कुणी नावं ठेवत नाही. पण त्या फोनची नोंद कुठंच होत नाही. उद्या त्याच वॉर्डात तोच प्रकार दुसऱ्या कुणाशी घडला, तर आधी काय घडलं होतं याचा पुरावा शून्य. शिवाय ज्याला कुणाचीच ओळख नाही त्याचं काय? परराज्यातून कामाला आलेला मजूर, घरच्यांनी टाकलेली बाई, रस्त्यावरून पोलिसांनी उचलून आणलेला माणूस यांच्यासाठी फोन कोण करणार?

ही वाट डॉक्टरांनाही न्याय देत नाही. जून २०२५ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत आरोग्यमंत्र्यांनी एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतलं आणि निलंबनाचे आदेश दिले. कारण एका रुग्णाच्या बाजूनं आलेली तक्रार. डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, मंत्र्यांनी पुढे माफी मागितली. त्या गदारोळात मूळ तक्रारीचं काय झालं, हे कुणी विचारलं का? मला त्या प्रसंगात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तक्रार थेट सत्तेच्या हातात गेली की तिचा तमाशा होतो. डॉक्टरला आपली बाजू मांडायला मिळत नाही आणि रुग्णाच्या हातात उत्तर पडत नाही. लेखी तक्रार, ठरलेली मुदत, दोन्ही बाजू ऐकून दिलेलं कारणांसकट उत्तर ही पद्धत कंटाळवाणी वाटेल, पण डॉक्टरचं संरक्षणही तीच करते. मानसोपचारातल्या डॉक्टर-नर्सनी या पद्धतीचा आग्रह रुग्णांच्याही आधी धरायला हवा.

त्यांची बाजू मी हलकी समजत नाही. मोठ्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. नर्सवर हात उचलला जातो, थुंकलं जातं, आणि तिला त्याच वॉर्डात दुसऱ्या दिवशी हसतमुखानं जावं लागतं. काही तक्रारी आजारातूनच येतात, हेही खरं. जेवणात विष घालतात असं सांगणारा रुग्ण प्रत्येक वॉर्डात भेटतो. पण तीही तक्रार लिहून घ्यायला बिघडत नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाहायला वेळ किती लागतो? विष सापडणार नाही. पण त्या रुग्णाला न सांगता गोळी आमटीत कालवून दिली जाते, हे कदाचित सापडेल. मग त्याच्या संशयाचं मूळ कळेल आणि त्याच्याशी मोकळेपणानं बोलायची वाट उघडेल. रुग्णाचं म्हणणं खोटं ठरलं तरी त्याला ते समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. म्हणून तक्रार हाताळण्यात गेलेला वेळ उपचारातून वजा होतो, हा युक्तिवाद मला पटत नाही.

नातेवाइकांनाही थोडं सुनवायला हवं. आपण गृहीत धरतो की घरचे म्हणजे रुग्णाचा आवाज. अनेकदा ते खरंही असतं. पण घरच्यांना रुग्ण आत राहिलेलाच सोयीचा वाटतो, अशीही घरं असतात, आणि तिथं रुग्णाची तक्रार दवाखान्याबद्दल जेवढी असते तेवढीच घराबद्दल असते. तमिळनाडूतल्या एर्वाडीत मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही, २५ हून अधिक जण होरपळून गेले. त्यांतल्या कित्येकांना तिथं आणून सोडणारे त्यांचे घरचेच होते. म्हणून कायद्यानं नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय केली आहे. सज्ञान माणूस बरा असताना साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला विश्वासाचा माणूस नेमू शकतो. तो भाऊ असेल, मैत्रीण असेल, जुने शिक्षक असतील. कुणाला नेमलंच नसेल तर कायदा नातेवाइकांकडे वळतो. आज घरात मानसिक आजार असलेल्या प्रत्येकानं हा एक कागद तरी करून ठेवावा.

व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण गोव्यात तिथं माणसं मोठ्या संख्येनं जातात आणि त्यांची तक्रार तर कुणीच मनावर घेत नाही. दारुड्याचं काय ऐकायचं, असा एकंदर सूर. दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून उपचार देणारं केंद्र नोंदणीशिवाय चालवता येत नाही आणि तिथल्या माणसाला बाकीच्या रुग्णांचे सगळे हक्क लागू होतात. बांधून ठेवायला साखळी चालणार नाही, जबरदस्तीनं डोकं भादरता येणार नाही. आत करून घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो, आणि घरच्यांशी फोनवर बोलायचा हक्कही आहे. स्वतःहून दाखल झालेला माणूस बाहेर पडायचं म्हणाला, तर काही ठराविक कारणांसाठी त्याला २४ तासांपर्यंतच थांबवता येतं. पहिल्या दिवशी मोबाइल काढून घेणाऱ्या आणि महिनाभर भेट नाही म्हणून सांगणाऱ्या केंद्राला नातेवाइकांनी दोन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी कुठं आहे, आणि मंडळाचा फोन नंबर कुठल्या भिंतीवर लावला आहे. हा दुसरा प्रश्न मी हौसेनं विचारायला सांगत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी मंडळाचा पत्ता आणि फोन लावणं, अर्जाचे फॉर्म देणं आणि दाखल होण्याचा फेरविचार मागायला मंडळाला फुकट फोन करू देणं, हे कलम ७२ प्रमाणे प्रत्येक मानसिक आरोग्य संस्थेचं कर्तव्य आहे. कायदा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग करायचं काय? माझ्या मते गोव्याला याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. 'मानस' नावाचा प्रयोग इथंच झाला. सरकारी आरोग्य केंद्रं आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी, प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलण्याचं काम केलं. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि डॉक्टर नसलेला माणूसही नीट शिकवला तर हे नाजूक काम करू शकतो, ही गोष्ट जगभर गेली. तशीच माणसं तक्रारीसाठी तयार करता येतील. दवाखान्याच्या पगारावर नसलेली, कोकणी आणि मराठी बोलणारी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वॉर्डात आणि ओपीडीत बसणारी. रुग्ण तोंडी सांगेल, ती माणसं लिहून घेतील, वाचून दाखवतील, सही किंवा अंगठा घेतील. तक्रार प्रमुखांकडे देण्याचं काम त्यांचं, आणि उत्तर आलं नाही तर मंडळाकडे नेण्याचंही त्यांचंच. काकींना हवा होता तो आपल्या आणि त्या टेबलाच्या मधे उभा राहणारा माणूस. खर्चाचं म्हणाल तर एका मोठ्या सरकारी सोहळ्याच्या मंडपापेक्षा तो जास्त होणार नाही.

याच्या जोडीला आमदारांनी विधानसभेत दर अधिवेशनाला तीन आकडे मागावेत. प्रत्येक मानसिक आरोग्य संस्थेत, सरकारी आणि खासगी, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती मंडळापर्यंत गेल्या. नावं नकोत, तपशील नकोत. ज्या संस्थेत वर्षभर एकही तक्रार नाही, तिथं मंडळानं सगळ्यात आधी भेट द्यावी. एका फोनवर खाट मिळवून देणाऱ्या आमदारानं हे आकडे मागितले, तर त्याच्या फोनवाचून अडलेल्या कितीतरी जणांचं काम होईल.

तोवर ज्यांना आज तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी. अर्ज मराठीत लिहा, कोकणीत लिहा, चालतो. त्यात तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कोण बोललं आणि शक्य असेल तिथं त्याचेच शब्द असू द्या. तुम्हाला काय हवंय तेही स्पष्ट लिहा: माफी, पैसे परत, औषधाचा फेरविचार, दुसऱ्या वॉर्डात हलवणं, जे असेल ते. "योग्य ती कारवाई" या शब्दांनी कुणावरच काही बंधन येत नाही. केसपेपरची प्रत सोबत मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते. मानसोपचारात एखादी माहिती रुग्णाला गंभीर मानसिक इजा करेल म्हणून राखून ठेवता येते, पण राखून ठेवली असं सांगावं लागतं आणि त्यावर मंडळाकडे जायचा तुमचा हक्क आहे हेही सांगावं लागतं. पैसे घेऊन उपचार करणाऱ्या खासगी दवाखान्याबाबत ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच तो प्रश्न निकालात काढला. वकील परवडत नसेल तर उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; कलम २७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते. रुग्णाचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवू नका, रागाच्या भरातही नको. त्यात त्याचीच गुप्तता जाते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. काउंटरवर घ्यायला नकार दिला, तर तोच अर्ज त्याच दिवशी संस्थेच्या प्रमुखाच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत मंडळाला पाठवा आणि पावती केसपेपरच्या फाइलीलाच पिनेनं लावून ठेवा.